'ययाति'तील तीन निवेदने

वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'ला (१९५९) भोगवादावरील भाष्य म्हणून पुष्कळ गौरविले गेले. १९७४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कारही लाभला. मला मात्र ती एका दांपत्यातील लपविलेल्या दुःखाची कादंबरी वाटते.

ययाति, देवयानी व शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली कहाणी सांगतात. अंतरीचे सारे वाचकापुढे मोकळे होते, जोडीदारापुढे नाही. कचावरील विफल प्रेमाचे शल्य उरी बाळगून देवयानी हस्तिनापूरची राणी होते. शर्मिष्ठेशी जडलेले नाते ययाति तिच्यापासून लपवितो. वाचकाला दोन्ही बाजू ठाऊक असतात, पतिपत्नींना एकमेकांची नाही. ही रचनाच कादंबरीचे खरे बळ होय.

महाभारताच्या आदिपर्वात हे गुपित शर्मिष्ठेची अजाण मुले फोडतात. तुमचा पिता कोण, असे देवयानीने विचारताच ती राजाकडे बोट दाखवितात. त्या एका बोटातील दाहकता खांडेकरांच्या अलंकृत भाषेत विरून जाते. त्यांची पात्रे शोकातही सुभाषिते बोलतात! देवयानीवर तर अन्यायच झाला आहे. तिचा अहंकार सविस्तर येतो. फसविल्या गेलेल्या पत्नीचा शोक तेवढा उमटत नाही.

इकडे गोसीखुर्दला वैनगंगेवरील धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. त्या पाण्याखाली घर गेलेली पतिपत्नी मोबदल्याचा हिशेब तासन्‌तास करतात. बुडालेल्या अंगणाचे नाव कोणी काढीत नाही. प्रत्येकाला दुसऱ्याच्या रडण्याची धास्ती. खांडेकरांची देवयानी एकदा तरी अशी गप्प बसली असती, तर तिचा संताप आपल्याला अधिक कळला असता.