श्यामची आई : मनोविश्लेषणात्मक अन्वयार्थ

साने गुरुजी (१८९९–१९५०) यांची श्यामची आई ही कथामाला १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली व १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. ४२ रात्रींत विभागलेल्या या कथनात प्रौढ श्याम आश्रमातील सोबत्यांना आपले कोकणातील बालपण सांगतो. संस्कारकथा म्हणून ती सर्वपरिचित आहे; मनोविश्लेषणाच्या दृष्टीने पाहता तीत मुलाच्या मोठे होण्याचा एक निराळा आकृतिबंध आढळतो.

सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) याने स्वप्न ही दमित इच्छेची प्रच्छन्न पूर्ती मानली (१९००) आणि पुढे ललित लेखनाचे नाते दिवास्वप्नाशी जोडले (१९०८). त्याच्या मते पित्याच्या धाकाने मुलगा मातेविषयीची आसक्ती आवरतो व त्यातून सदसद्विवेकाचा नियंता ‘पराहं’ घडतो. श्यामच्या कथेत मात्र कर्जाने खचलेल्या वडिलांपेक्षा आईच अधिक नियम घालते. पोहण्यास भिऊन लपलेल्या मुलाला मारून विहिरीवर धाडणारी तीच आणि नंतर जवळ घेणारीही तीच. येथे पराहंचा स्वर मातेचा आहे. धाकापेक्षा तिला दुखावल्याची बोच मुलाला घडवते. सुधीर कक्कर (१९३८–२०२४) यांनी द इनर वर्ल्ड (१९७८) या ग्रंथात भारतीय मुलाचे मातेशी दीर्घ सान्निध्य व नंतरचा आकस्मिक दुरावा यांची चिकित्सा केली. श्यामला दूर लोटण्याचे कार्यही माताच करते, हे या कथेचे वैशिष्ट्य होय.

श्याम पोहोचण्यापूर्वीच आई मरण पावते. मेलनी क्लाइन (१८८२–१९६०) हिने मांडलेल्या भरपाईच्या संकल्पनेनुसार, रात्रीमागून रात्र चाललेले हे कथन म्हणजे गमावलेल्या आईची मनात केलेली पुनर्घडण ठरते. स्वप्न इच्छा झाकते. श्याम आपले दोष श्रोत्यांपुढे उघड करतो. तथापि मार खाणाऱ्या मुलाचा राग बहुधा लगेच पश्चात्तापात विरतो. कथनातील ही मुग्धता सूचक आहे.

या वाचनाला मर्यादाही आहेत. श्यामवरून लेखकाचे निदान करणे अप्रस्तुत होय. सावकाराचे कर्ज व अस्पृश्यता ही मानसिक प्रतीके नसून सामाजिक वास्तव आहे. अस्पृश्य मानलेल्या वृद्धेला मोळी उचलून देण्यास आई श्यामला सांगते, तेव्हा तिची आज्ञा गावाच्या रूढीविरुद्ध जाते. मातेचा पराहं केवळ दमन करीत नाही, तर समाजाला विरोध करण्याचे बळही देतो. ही बाजू वगळल्यास मनोविश्लेषण या कृतीला न्याय देऊ शकत नाही.