'शतपत्रां'चे ऋण

ग्रंथाची थोरवी त्याच्या कलागुणांवरून ठरवावी की समाजमनावर त्याने उमटविलेल्या ठशावरून, हा वाद जुनाच आहे. लोकहितवादींच्या 'शतपत्रां'चा विचार करताना मात्र तो टाळता येत नाही.

गोपाळ हरि देशमुख हे सरकारी नोकर. वयाच्या पंचविशीत, १८४८ मध्ये, भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या नावाने ते पत्रे लिहू लागले. १८५० पर्यंत ती १०८ झाली. बालविवाह, विधवांची दुःस्थिती, जातिभेद, अर्थावाचून केलेले पाठांतर, स्वदेशी माल असे त्यांचे विषय होते. 'दर्पण' १८३२ मध्ये निघाले हे ध्यानी घेता मराठी वृत्तपत्री गद्याचे वय तेव्हा उणेपुरे सोळा वर्षांचे होते. त्या कोवळ्या गद्याकडून त्यांनी केवढे ओझे वाहविले!

या पत्रांतील दोष आम्ही झाकू इच्छित नाही. पुनरुक्ती पुष्कळ आहे. निष्कर्ष उतावीळपणे काढलेले आहेत. इंग्रजी राज्य ही ईश्वरी योजना मानण्याची भोळी श्रद्धाही आहे. १८७४ मध्ये सुरू झालेल्या 'निबंधमाले'त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्यांचा खरपूस समाचार घेतला, आणि शैलीच्या कसोटीवर शास्त्रीबुवा निःसंशय सरस ठरतात.

पत्रांच्या परिणामाविषयीही अतिशयोक्ती नको. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्यामागे ईश्वरचंद्र विद्यासागरांची खटपट होती. त्याचे श्रेय या पत्रांस देता येणार नाही. त्यांचे कार्य निराळे आहे. स्वकीयांचे दोष स्वकीयांसमोर, त्यांच्याच बोलीत आणि आडपडदा न ठेवता मांडावेत, हा प्रघात त्यांनी दृढ केला. पुढे १८८८ मध्ये आगरकरांचा 'सुधारक' निघाला, तेव्हा त्याच्यामागे चार दशकांच्या आत्मपरीक्षणाची परंपरा उभी होती. शास्त्रीबुवांनाही स्वाभिमानाचा पक्ष मांडण्यासाठी ज्या आखाड्यात उतरावे लागले, तो लोकहितवादींनी आधीच खणून ठेविला होता.

म्हणून आम्हां शिक्षकांस एक सुचवावेसे वाटते. यांतील एखादे सौम्य पत्र निवडून, त्याची धार बोथट करून मुलांपुढे ठेवणे हा लेखकावर अन्याय होय. एक कडक पत्र संपूर्ण द्यावे, शेजारी चिपळूणकरांचे उत्तर ठेवावे आणि निवाडा मुलांवर सोपवावा. वाचकाने आपले मत स्वतः बनवावे, याहून अधिक लोकहितवादींनी तरी काय मागितले होते?