अलक स्पर्धा आणि हेमिंग्वेचे सहा शब्द

ऑनलाइन अलक, म्हणजे अतिलघुकथा स्पर्धेत भाग घ्यायचा विचार असेल, तर जरूर घ्या. शंभर शब्दांत गोष्ट बसवताना कुठला शब्द फालतू आहे ते लगेच कळतं. पुढे शोधनिबंधाचा सारांश लिहिताना हीच सवय कामी येते. पण दोन गोष्टी खटकतात.

एक, बहुतेक अलक शेवटच्या ओळीच्या धक्क्यावर उभ्या असतात. धक्का कळला की पुन्हा वाचण्यासारखं काही उरत नाही. चांगली अलक दुसऱ्या वाचनात वाढते. सारांशात तर निष्कर्ष लपवायचाच नसतो. ही सवय तिथे नेऊ नका.

दोन, स्पर्धेच्या आवाहनात हमखास येणारी ‘हेमिंग्वेची सहा शब्दांची कथा’. हेमिंग्वे वारले १९६१ साली. त्यांच्या नावाने हा किस्सा छापील स्वरूपात सापडतो तो त्यानंतर तीसेक वर्षांनी. न वापरलेल्या बाळवस्तूंच्या जाहिरातीची कल्पना मात्र अमेरिकी वृत्तपत्रांत १९१०च्या सुमारासच दिसते. तेव्हा हेमिंग्वे शाळेत होते!

कथा चांगलीच आहे, पण म्हणून ती त्यांची ठरत नाही. तेव्हा ‘अमुक म्हणाले’ असं लिहिण्याआधी एवढंच विचारा: हे पहिल्यांदा छापलं कुठे?