दुय्यम घड्याळाची बाजू

कांजूरमार्ग पश्चिमेला, लाल बहादूर शास्त्री मार्गावरच्या एका बंद कारखान्याचे सामान भंगारात निघाले तेव्हा मी तिथून एक घड्याळ उचलले. फूटभर व्यासाची पांढरी तबकडी आणि दोन काटे. मागचे झाकण काढले तर आत ना चावी, ना लंबक, ना बॅटरीची जागा. तांब्याच्या तारेची दोन वेटोळी, एक दातेरी चाक आणि वायर जोडायचे दोन स्क्रू, एवढाच ऐवज. भंगारवाला म्हणाला, "साहेब, मशीन कोणीतरी काढून घेतलंय. क्वार्ट्झ टाका, पळेल."

त्याचे निदान चुकले होते. आतून काहीच गेले नव्हते. गेले होते ते बाहेरचे. हे दुय्यम घड्याळ होते. स्वतःची वेळ त्याला कधीच नव्हती. कुठल्याशा खोलीतल्या मुख्य घड्याळाने तारेतून धाडलेली वेळ ते दाखवत असे. तरीही भंगारवाल्याला हसायचा अधिकार आपल्याला नाही. जुनी तबकडी पुसून तिच्यामागे क्वार्ट्झचे यंत्र चिकटवायचे आणि त्याला 'जीर्णोद्धार' म्हणायचे, ही आता सभ्य घरांतलीही रीत आहे. जुन्या घड्याळांवरचे आपले ललित लेखनही पुष्कळदा तेच करते. आजोबा, दिवाणखाना, थांबलेला लंबक, थांबलेला काळ. तबकडी जुनी, आतले यंत्र आयते. या निबंधात मला दोन्ही सवयींची तपासणी करायची आहे.

आधी यंत्र. एका घड्याळाने विजेच्या साहाय्याने दुसरी घड्याळे चालवण्याची कल्पना जर्मनीत स्टाइनहाइल यांनी १८३९ मध्ये आणि ब्रिटनमध्ये अलेक्झांडर बेन यांनी त्यानंतर लगेच मांडली. ती भरवशाची झाली १८९५ मध्ये, फ्रँक होप-जोन्स आणि जॉर्ज बोवेल यांनी 'सिंक्रोनोम'चे पेटंट घेतले तेव्हा. सिंक्रोनोममध्ये सेकंदाचा लंबक असतो. त्याच्या दर पूर्ण झोक्याला, म्हणजे दोन सेकंदांनी, पंधरा दात्यांचे चाक एक दाता सरकते. अर्ध्या मिनिटाने चाकाचा फेरा पुरा होतो, अडकवलेला एक वजनदार दांडा सुटतो, लंबकाला हलका रेटा देतो आणि खाली येऊन विद्युत्‌मंडल जोडतो. त्या क्षणी विद्युत्‌चुंबक दांड्याला पुन्हा वर फेकतो. हाच प्रवाह पुढे एकापाठोपाठ जोडलेल्या सगळ्या दुय्यम घड्याळांतून फिरतो. प्रत्येकात एक खिटी १२० दात्यांच्या चाकाचा एक दाता ओढते आणि मिनिटकाटा अर्धा मिनिट पुढे जातो. दिवसाला असे २,८८० ठोके. याच घराण्यातल्या सिंक्रोनोम-शॉर्ट घड्याळाची चाचणी १९२१ मध्ये एडिंबरोच्या वेधशाळेत झाली आणि जगातल्या वेधशाळांनी पुढे ते कालमापनाचे प्रमाण मानले.

या जोडीला इंग्रजीत 'मास्टर' आणि 'स्लेव्ह' म्हणत आले आहेत. रॉन एग्लॅश या अभ्यासकाने २००७ च्या एका निबंधात या रूपकाचा माग काढला. तांत्रिक लेखनातला त्याला सापडलेला सर्वांत जुना वापर १९०४ चा, केप टाउनच्या वेधशाळेतल्या घड्याळासंबंधीचा आहे. म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतर कितीतरी दशकांनी, आणि तेही दक्षिण आफ्रिकेत, हा शब्द यंत्राला चिकटला. मराठी वाचकाला तो निरागसपणे ऐकता येणार नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तकाचे नावच करून ठेवले आहे. गुलामगिरी सांगताना ती कोणी लादली आणि का टिकली, हे विचारावे लागते, ही त्या पुस्तकाने आपल्याला लावलेली सवय आहे.

तो प्रश्न घड्याळाला विचारला तर रूपक लटपटते. मंडल एकसरी असल्याने कुठल्याही एका दुय्यम घड्याळाची तार तुटली की प्रवाह सगळीकडेच थांबतो. मुख्य घड्याळाचा विद्युत्‌चुंबकही त्याच मंडलात असतो. मग खाली आलेला दांडा कोणी वर फेकत नाही, लंबकाला पुढचा रेटा मिळत नाही आणि काही वेळाने 'मालक'ही थांबतो. गोदामातल्या एका तबकडीने साहेबाच्या खोलीतले घड्याळ बंद पाडावे, ही या रचनेतली रोजची शक्यता होती. संपाचे याहून नेमके चित्र मला ठाऊक नाही.

पण इथे मलाच सावध व्हायला हवे. हे लिहिताना मीही ललित लेखकाची चूक करतो आहे. क्वार्ट्झऐवजी क्रांती चिकटवतो आहे, इतकेच. एकसरी जोडणी म्हणजे समता नव्हे. लंबकाखालची चकती फिरवून वेग ठरवायचा अधिकार ज्याच्या हाती, त्याचीच वेळ. मुंबईला हे नवे नाही. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी हे शहर आपली ३९ मिनिटे मागे असलेली 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सांभाळून होते. माझ्या तबकडीच्या भाषेत हे अंतर ७८ ठोक्यांचे. त्याआधी, १८८४ मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या वतीने ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारच्या सुट्टीबरोबर काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे, अशी मागणी होती. सुरुवात घड्याळाने, शेवट सूर्याने. सूर्याला मालक मागे सरकवू शकत नव्हता, हे त्या मागणीतले शहाणपण मला फार मोलाचे वाटते. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, तेव्हा तेच घड्याळ कामगाराचा साक्षीदारही झाले.

आता माझ्या दुरुस्तीविषयी. पहिल्या संध्याकाळी मी उतावीळपणे बारा व्होल्टचा ॲडॉप्टर थेट त्या दोन टोकांना लावला. काटा उडाला आणि पाठोपाठ तापलेल्या वार्निशचा वास आला. नशिबाने वेटोळी वाचली. मीटरने मोजली तर दोन्ही मिळून पाच ओहम, म्हणजे मी दोन ॲम्पिअरहून जास्त प्रवाह सोडला होता. अशा इंग्रजी पद्धतीच्या तबकड्यांना साधारण पाव ॲम्पिअरच्या आतबाहेर पुरतो. यांना व्होल्टने चालवायचे नसते, प्रवाहाने चालवायचे असते. लॅमिंग्टन रोडवरून पन्नास ओहमचा रोध आणला, वेटोळ्यांवर उलटा डायोड टाकला (प्रवाह तुटताना उठणारी ठिणगी तो गिळतो) आणि दर अर्ध्या मिनिटाला क्षणभर प्रवाह सोडणारे लहानसे मंडल एका मायक्रोकंट्रोलरवर बांधले. जर्मन पद्धतीची तबकडी असती तर दर ठोक्याला प्रवाहाची दिशा उलटवावी लागली असती. त्यांची जोडणी ध्रुवीय असते. मूळ घड्याळात एकही भोक पाडले नाही. माझे सगळे बाहेर, दिसेल असे ठेवले. उद्या कोणाला खरे मुख्य घड्याळ मिळाले तर दोन स्क्रू सोडवून माझे काम फेकता येईल. दुरुस्ती आणि सजावट यांत मी करतो तो फरक एवढाच.

तरी उणीव उरतेच. एकटी तबकडी म्हणजे उताऱ्यातून फाडलेले वाक्य. ती कोणाबरोबर ठोके घेत होती, कोणत्या भिंतीवर होती, तिच्याकडे बघून कोण धावत होते, हे माझ्या मायक्रोकंट्रोलरला सांगता येत नाही.

ते थोडेसे सांगितले आमच्याच इमारतीतल्या एका काकांनी. याच रस्त्यावरच्या दुसऱ्या एका कारखान्यात त्यांची हयात गेली. दिवाळीच्या फराळाला आले, भिंतीवरच्या घड्याळाचा 'टक्' ऐकला आणि चिवड्याची वाटी हातात धरून पुढचा ठोका पडेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "आमचं सकाळी पुढं असायचं नि सुटायच्या वेळी मागं."

मी तंत्रज्ञाच्या तोऱ्यात समजावले, की काका, यात खिटी आणि दाते आहेत, हे मागे नेता येत नाही.

"मागं कशाला न्यायचं?" ते म्हणाले. "थांबवलं तरी पुरतं की."

ते बरोबर होते. दहा ठोके रोखले की पाच मिनिटे फुकटची मिळतात आणि कारखान्यातली सगळी घड्याळे एकमुखाने तीच खोटी वेळ सांगतात. ताडून बघायला भिंतीवर दुसरे घड्याळ नाही. त्यांच्या कारखान्यात तसे खरोखर होत होते का, याचा पुरावा माझ्याजवळ नाही. पण त्यांचा संशय यंत्राच्या रचनेत बसतो, आणि इतके दिवस ते उघडून बसलेल्या मला तो सुचला नव्हता. काकांचे वाक्य मी तारखेसह एका चिठ्ठीवर उतरवून घड्याळाच्या मागच्या झाकणाच्या आत ठेवले आहे. पुढे जो कोणी हे झाकण उघडेल, त्याच्या हाती वेटोळी लागतील आणि ती चिठ्ठीही.