धमनीचा पेटका आणि छातीतला पहारेकरी

छातीत बसवायच्या डिफिब्रिलेटरची गोष्ट वर्गात सांगितली की मुले डोळे विस्फारून ऐकतात. हृदयाची लय बिघडली की हे यंत्र आपणहून ते ओळखते आणि काही सेकंदांत विजेचा झटका देते! गोष्ट खरीच आहे. मिशेल मिरोवस्की यांचे एकेकाळचे वरिष्ठ १९६६ मध्ये अशाच बिघाडाने गेले, तेव्हापासून ते या कल्पनेमागे लागले. ४ फेब्रुवारी १९८० रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ते यंत्र प्रथम माणसाच्या शरीरात बसले.

गोष्ट सांगताना आपण एक पात्र मात्र खलनायक करून टाकतो. बर्नार्ड लाउन यांनी १९७२ मध्ये या कल्पनेवर कडक टीका केली होती. मूळ दोषावर औषध किंवा शस्त्रक्रिया करणेच रुग्णाच्या अधिक हिताचे, असा त्यांचा रोख होता. पुढे काळाने कौल यंत्राच्या बाजूने दिला. पण लाउन यांचा आक्षेप अगदीच पोकळ होता का? एका विरळ हृदयशूळाच्या बाबतीत तो आजही जिवंत आहे.

नेहमीचा हृदयशूळ जिना चढताना, ओझे उचलताना उठतो. मायरन प्रिन्झमेटल व सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये वर्णन केलेला प्रकार उलटा आहे. माणूस स्वस्थ पडलेला असताना, बहुधा मध्यरात्र ते पहाट या वेळात, छातीत कळ येते. पोटरीत पेटका यावा तसा हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या भिंतीतील स्नायू आवळतो आणि काही मिनिटांनी सैल होतो. तेवढ्या अवधीत उपाशी राहिलेले निलय कधीकधी नुसते थरथरू लागतात. रक्त पुढे ढकलले जात नाही, आणि मृत्यू ओढवू शकतो. इथे झटका जीव वाचवतो, यात शंका नाही.

पण यंत्राला वीज कळते, धमनी कळत नाही. पेटका ते सोडवू शकत नाही. तो टिकून राहिला तर थरथर पुन्हा सुरू होऊ शकते. काही रुग्णांत विद्युत्संदेश चालू राहूनही हृदय रक्त ढकलत नाही, तेव्हा झटक्याचा उपयोग शून्य. पेटका टाळतात ती कॅल्शियम मार्गरोधक औषधे, नायट्रेट आणि धूम्रपान सोडणे. मग यंत्र कशाला? कारण गोळी घेऊनही पेटका येतो, गोळी चुकतेही, आणि अशी एकच चूक अखेरची ठरू शकते. उलट बाजूला जंतुसंसर्ग, बॅटरी बदलण्याच्या शस्त्रक्रिया आणि कारण नसताना बसणारे वेदनादायक झटके आहेत. हे ओझे आयुष्यभराचे.

जपानमध्ये २०११ साली १,४२९ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांतील ३५ जणांचे हृदय रुग्णालयाबाहेर बंद पडून पुन्हा सुरू झाले होते. १४ जणांना यंत्र बसवले, पैकी दोघांना पुढे थरथरीसाठी योग्य झटके मिळाले. दोन जीव वाचले म्हणावे, की बारा जणांनी यंत्र उगाच वागवले म्हणावे? दोन्ही वाक्ये घाईची आहेत. कोणाला यंत्र बसवायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरले नव्हते, डॉक्टरांनी ठरवले होते. साहजिकच अधिक धोक्याचे वाटलेले रुग्ण एका बाजूला गोळा झाले असणार. (नमुना आणि तुलना शिकवताना ही आकडेवारी फळ्यावर जरूर मांडावी.)

अमेरिकन हृदयतज्ज्ञांच्या २०१७ च्या मार्गदर्शनाने आधी पुरेशी औषधे व धूम्रपानबंदी, आणि हृदय बंद पडून वाचलेल्या रुग्णाला औषधे लागू पडत नसतील किंवा सोसत नसतील तर यंत्र, असा क्रम लावला आहे. औषधे चालू असतानाही जोडीला यंत्र बसवण्याचा पर्याय त्यात आहे, पण अधिक सावध शब्दांत. मला हा क्रम पटतो. नुसती कळ येणाऱ्या, कधी बेशुद्धही न पडलेल्या माणसाला केवळ भीतीपोटी यंत्र बसवणे मात्र पटत नाही. आणि ज्याला बसवले, त्याची झोपण्यापूर्वीची गोळी काही सुटत नाही.