एका विद्यार्थ्याचे विलायतेतील पहिले तीन दिवस

शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याच्या पहिल्या दिवसांचे वर्णन बहुधा दोन साच्यांत पडते. एका साच्यात आगबोट, धक्का आणि डोळे दिपविणारे दिवे असतात; दुसऱ्यात, पुढे लाभलेल्या यशाची पहिली पायरी म्हणून सोसलेले हाल असतात. पहिल्यात शहर दिसते, पण माणूस दिसत नाही. दुसऱ्यात थोर पुरुष दिसतो, पण विद्यार्थी दिसत नाही. गांधीजींनी आपले लंडनमधील पहिले दिवस आयुष्यात दोनदा लिहिले. ते दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले असता या साच्यांतून सुटण्याची वाट कोठे आहे, हे ध्यानात येते, असे आम्हांस वाटते.

पहिला मजकूर इंग्रजी रोजनिशीचा. १८८८ च्या सप्टेंबरअखेर गांधीजी लंडनला पोहोचले, तेव्हा त्यांना एकोणिसावे वर्ष पुरे व्हावयास काही दिवसच उरले होते; आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी ही रोजनिशी लिहावयास घेतली. मूळ वही आज उपलब्ध नाही. छगनलाल गांधी यांनी उतरून घेतलेली सुमारे वीस पाने तेवढी वाचली व ती भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने १९५८ साली काढलेल्या समग्र वाङ्मयाच्या पहिल्या खंडात आली. दुसरा मजकूर आत्मकथेचा. ती १९२५ च्या नोव्हेंबरापासून ‘नवजीवन’मध्ये गुजरातीत क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली, आप्पा पटवर्धनांच्या अनुवादामुळे ती मराठी घरांत पोहोचली. दोहोंमध्ये सदतीस वर्षांचे अंतर आहे.

रोजनिशीतील तरुण व्हिक्टोरिया हॉटेलात शिरतो तो तेथील थाटामाटाने दिपूनच. एक दार उघडते. आत थोडा वेळ बसावयाचे असेल, अशी त्याची समजूत होते. पाहतो तो ती खोलीच त्याला वरच्या मजल्यावर घेऊन जाते. आयुष्यातील पहिल्या पाळण्याचे, म्हणजे आजच्या भाषेत लिफ्टचे, हे दर्शन! पुढे आपली खोली पाहून, येथे सारा जन्म काढता येईल, असे त्याला वाटून जाते. ही पाने कच्ची आहेत, वाक्ये अवघडलेली आहेत. पण आश्चर्य ताजे आहे.

आत्मकथेत हा पाळणा नाही. दिव्यांचा झगमगाटही नाही. तेथे आहे तो पांढऱ्या फ्लॅनेलचा पोशाख. बोटीवर काळा सूट वापरून, उतरताना पांढरे कपडे शोभतील म्हणून ते मुद्दाम राखून ठेवलेले. आणि उतरल्यावर दिसते की असे कपडे घातलेले आपण एकटेच! सामान किल्ल्यांसह एजंटाच्या स्वाधीन केलेले. दुसरा दिवस रविवार, म्हणजे ते मिळणार नाही. त्याच संध्याकाळी डॉ. प्राणजीवन मेहता भेटीस येतात. बोलता बोलता हा मुलगा त्यांची उंच टोपी उचलतो आणि तिची लव उलट्या बाजूने कुरवाळून विसकटून टाकतो. मग मेहता हसत हसत पहिला धडा देतात : दुसऱ्याच्या वस्तूस हात लावू नये, पहिल्याच भेटीत प्रश्नांची सरबत्ती करू नये, मोठ्याने बोलू नये, आणि उठल्याबसल्या ‘सर’ म्हणू नये, ते नोकरांनी धन्याशी बोलताना म्हणावयाचे. आम्ही मध्यवर्ती सरकारच्या कचेरीत टिपणे लिहिणारे लोक. हे शेवटचे वाक्य वाचताना आमच्यासारख्यांच्या ओठांवर जे हसू येते, ते पुरते सुखाचे नसते.

सोमवारी सामान मिळते. हॉटेलचे बिल तीन पौंड होते. एक पदार्थ आवडला नाही म्हणून दुसरा मागवावा, तर पैसे दोहोंचे. आणि पोटाला आधार तो मुंबईहून आणलेल्या शिदोरीचाच. नव्या बिऱ्हाडातही रात्री आईच्या आठवणीने डोळे वाहतात. हे दुःख सांगावे असे कोणी नाही, आणि सांगून उपयोगही नाही.

या मजकुराचे बळ कशात आहे? आमच्या मते, लेखकाने स्वतःस लहान करून पाहिले, एवढ्यातच ते नाही. नम्रतेचेही प्रदर्शन मांडता येते. बळ आहे ते प्रमाणात. टोपी, कपडे, बिल, शिदोरी यांना त्या दिवशी जेवढे वजन होते तेवढेच लेखकाने राहू दिले. पुढे हा मुलगा कोण होणार, याची सूचना त्या टोपीवर लादलेली नाही. पांढऱ्या कपड्यांची लाज तर इतकी साधी आहे की, बदलीच्या गावी पहिल्या दिवशी चुकीच्या ऋतूचे कपडे घालून उतरलेल्या कोणालाही ती आपली वाटावी.

परंतु येथेच आमचा एक आक्षेप आहे. प्रकरणाचा शेवट अंतर्नादावर होतो : विलायत सोसवत नाही, परत जाण्याचा विचारही करता येत नाही, आता तीन वर्षे पुरी केलीच पाहिजेत. शेवट प्रामाणिक आहे, पण तेथवर येताना पाळण्यात चकित झालेला मुलगा मागे राहिला. सत्याच्या प्रयोगाशी ज्याचा संबंध नाही ते गाळावयाचे, हा लेखकाचा नियम; लाज त्यात बसली, कारण तिच्यापासून काही शिकता आले; नवल बसले नाही, कारण त्यापासून काही शिकावयाचे नव्हते. वास्तविक जो मुलगा खोलीत सारा जन्म काढावयास तयार झाला, तोच दोन दिवसांनी बिल पाहून हबकला. दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या आहेत, आणि एकीवाचून दुसरीचे दुःख कळत नाही. फॅरिंग्डन स्ट्रीटवरील शाकाहारी खाणावळ सापडल्याचा बालसुलभ आनंद आत्मकथेत पुढे येतो खरा. पण तोही आईला दिलेल्या वचनाच्या दाराने आत आलेला आहे.

म्हणून रोजनिशीची ती वीस पाने आम्हांस संशोधकाच्या टाचणापेक्षा मोलाची वाटतात. आत्मकथा निःसंशय श्रेष्ठ साहित्य आहे. पण तिने जे गाळले त्याची साक्ष रोजनिशी देते. परमुलखात राहणाऱ्या आपल्या लोकांत लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि आठवणी लिहिण्याचे काम बहुतेकजण निवृत्तीनंतरवर टाकतात. तोवर लाज कदाचित टिकेल. माणूस ती जपून ठेवतो. नवल मात्र टिकत नाही. घरच्या पत्रात आपण ‘सुखरूप पोहोचलो’ एवढेच लिहितो, ते योग्यच आहे. पण त्याच रात्री एखाद्या वहीत, कोणते दार उघडले आणि ते कोठे घेऊन गेले, हेही लिहून ठेवावे. सदतीस वर्षांनी त्याचा उपयोग होईल. आणि न झाला, तरी ते खरे असेल.