भामिनीची निवड

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘संगीत मानापमान’विषयीचे आपले लेखन प्रायः दोन वाटांनी गेले आहे. एक वाट संगीताची. गोविंदराव टेंबे यांच्या चाली, १९११ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीने केलेला पहिला प्रयोग, आणि टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेला ‘संयुक्त मानापमान’. त्या प्रयोगात केशवराव भोसले धैर्यधर होते, बालगंधर्व भामिनी. दुसरी वाट राजकीय रूपकाची. ‘कीचकवधा’वर १९१० मध्ये बंदी आली होती, त्यामुळे पाठोपाठ आलेल्या या नाटकातही धैर्यधराच्या ठायी क्षात्रतेज आणि लक्ष्मीधराच्या ठायी निःसत्त्व श्रीमंती पाहिली गेली. दोन्ही वाटांत तथ्य आहे. परंतु पहिलीत भामिनी केवळ एक कंठ होते आणि दुसरीत विजेत्याचे पारितोषिक. वस्तुतः ही वर निवडणाऱ्या स्त्रीची सुखात्मिका आहे.

नाटकातील पुरुष बदलत नाहीत. धैर्यधर आरंभी जितका शूर व मानी असतो तितकाच शेवटी. लक्ष्मीधर आरंभापासूनच दागिन्यांनी मढलेला भित्रा. बदलते ती भामिनी. वडिलांना पसंत असलेल्या धैर्यधराचा ती त्याच्या गरिबीवरून अपमान करते, आणि पुढे वनमाला या सामान्य मुलीच्या वेषात त्याच्यासमोर येते. हे वेषांतर धैर्यधराची परीक्षा पाहण्यासाठी आहे, असे सहज म्हटले जाते. मला ते अपुरे वाटते. ज्या अलंकारांच्या बळावर तिने दुसऱ्याची किंमत केली, ते उतरवल्याखेरीज तिला स्वतःलाच धड पाहता येत नाही. परीक्षा असलीच, तर ती तिची आहे.

या संदर्भात देवलांच्या ‘शारदे’चे (१८९९) स्मरण अटळ आहे. द्रव्यलोभी कांचनभट आपली मुलगी वृद्ध भुजंगनाथाला द्यायला निघतो. तेथे शारदेच्या पसंतीचा प्रश्नच उद्भवत नाही. अवघ्या बारा वर्षांनी भामिनीला केवळ नकाराचाच नव्हे, तर चुकीच्या नकाराचा आणि तो आपणहून दुरुस्त करण्याचा अवकाश मिळतो. ज्या प्रेक्षकवर्गात मुलींची लग्ने अजून बालवयात लागत होती, त्याने हे कसे पचवले? एक कारण नाटकाच्या रचनेतच आहे. भामिनी अखेर निवडते तो वडिलांनी योजिलेलाच वर. पित्याचा शब्द राहतो आणि मुलीचे मनही राहते. ही तडजोड खाडिलकरांनी जाणीवपूर्वक केली की काय, हा वाद निष्फळ आहे; तिच्यामुळे नाटकाची धार बोथट झाली, एवढे मात्र खरे.

त्याहून मोठा दोष लक्ष्मीधराच्या चित्रणात आहे. तो इतका हास्यास्पद आहे की त्याला नाकारण्यात भामिनीला काहीच गमवावे लागत नाही. त्याच्या अंगी थोडे आकर्षण, निदान थोडी बुद्धी असती, तर संपत्तीचा मोह प्रेक्षकालाही जाणवला असता. प्रतिस्पर्धी दुबळा असला की निवड सोपी होते, आणि सोप्या निवडीत नाट्य उरत नाही. ती उणीव पदे झाकतात.

पुढे ‘स्वयंवरा’त (१९१६) खाडिलकर याच विषयाकडे परतले. तेथे संगीत अधिक वैभवशाली आहे, बालगंधर्वांची रुक्मिणी तर दंतकथाच झाली. पण रुक्मिणीचा कृष्णाविषयीचा निश्चय आधीच झालेला असतो; शिशुपालाचा विचार तिच्या मनाला शिवतही नाही. भामिनीसारखी चुकण्याची मुभा तिला नाही.